अठरा तारखेचं कार्ड

४ मार्च

छोट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. तुझं मागचं पत्र येऊन सात आठवडे झाले. पोस्टमन आता मला जिन्यात बघितलं की लांबूनच मान हलवतो, म्हणजे बिचाऱ्याला वर चढायला नको. ‘फोन करतो की’ असं म्हणू नकोस. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडून जोडून माझे कान गेले, हे काय तुला नव्याने सांगायचं? फोनवर तू विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतोस आणि मी नुसतं ‘हो हो’ करते. गेल्या खेपेला तू काय विचारलंस देव जाणे, मी ‘हो’ म्हटलं आणि तू एकदम गप्प झालास. तेव्हा पत्र लिही. एक्कावन्न वर्षांच्या घोड्याला हे सांगावं लागतं!

इकडची बातमी म्हणशील तर वरच्या मजल्यावरची माणसं घर सोडून गेली. त्यांची दोन पोरं दिवसभर उड्या मारायची, मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. आता छत गप्प आहे.

दुसरं म्हणजे, मला चक्कर येते. गेल्या आठवड्यात ओट्याला धरून बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, एकटं राहू नका. आता दुकटं कुठून आणू? घाबरू नकोस, पण दोन-तीन दिवस येऊन गेलास तर बरं होईल. ‘पुढच्या महिन्यात येतो’ असं तू गेल्या वर्षी म्हणाला होतास. तो महिना अजून उगवायचाय.

आता घे आशीर्वाद.

ताई


९ मार्च

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तराला बसलोय, म्हणजे निदान शिव्या तरी कमी मिळतील.

चक्कर वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. स्टुलावर चढू नकोस, माळ्यावरचं काही काढू नकोस. मी येतोय. सतरा तारखेला, मंगळवारी सकाळी तुझ्या दारात, आणि गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने परत. तीन दिवस, अगदी पुरे तीन.

रजा मिळवताना नाकी नऊ आले. तू शेजाऱ्यांना सांगतेस की आमचा छोट्या बिल्डिंगा बांधतो. अगं, मी बांधत काही नाही, मी बांधणाऱ्यांना थांबवतो. इमारतीच्या बाहेरून लोखंडी पाइपांची परांची उभी असते, तिच्या फळ्यांवर उभं राहून गवंडी गिलावा करतात. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी ती खालपासून वरपर्यंत हलवून, ठोकून बघतो आणि मग शिडीच्या तोंडाशी एक हिरवं कार्ड लावतो. त्यावर त्या दिवसाची तारीख आणि माझी सही. कार्ड नाही तर कुणी चढायचं नाही, असा कायदाच आहे. कुणी तसाच चढला तर मी खालून ओरडतो, ‘उतर!’ म्हणून चारशे माणसं मला ‘उतरसाहेब’ म्हणतात. माझं खरं नाव इथे कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

माझ्या जागी सही करणारा दुसरा माणूस कंपनीने दोन वर्षांत नेमलेला नाही. इंजिनिअर साहेब म्हणाले, तीन दिवस काम बंद ठेवलं तर मी वर काय तोंड दाखवू? मग मीच युक्ती काढली. सतरा, अठरा आणि एकोणीस तारखेची कार्डं आधीच सही करून त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. त्यांचा शिपाई रोज सकाळी एकेक लावील. सोळाला संध्याकाळी मी परांची पुन्हा एकदा बघूनच निघेन. लोखंडाला तीन दिवसांत काय धाड भरणार आहे? रजेचा अर्जही केला नाही, सगळं तोंडी. कागदावर मी साइटवरच असणार. म्हणजे बघ, तुझा भाऊ एकाच वेळी दोन ठिकाणी!

नियमावर बोट ठेवणारा मी, माझ्याकडून हे पहिल्यांदाच होतंय. तुझ्यासाठी म्हणून.

छोट्या


२१ मार्च

छोट्या,

पोचलास का, हे मी विचारायचं आणि तू दहा दिवसांनी सांगायचं, ही आपली रीतच आहे. पण या खेपेला मी रागावलेय आणि का ते तुला माहीत आहे.

गुरुवार संध्याकाळ म्हणाला होतास. बुधवारी दुपारी तुझा फोन वाजला, तू ताटावरून उठून जिन्यात गेलास आणि परत आलास तो चेहरा पाडूनच. ‘काम निघालं, आज संध्याकाळची गाडी पकडतो.’ बस्स. मी विचारलं काय झालं, तर तू ओठ हलवलेस, मला काही ऐकू आलं नाही, आणि दुसऱ्यांदा सांगितलं नाहीस. अर्धं जेवण तसंच पडलं. मी ते रात्रीपर्यंत झाकून ठेवलं होतं, वेड्यासारखं.

खरं सांग, मी फार बोलले का? मंगळवारी दिवसभर माझी टकळी चालू होती, मला कळत होतं. वर्षभराचं बोलणं साठलं होतं, ते एका दिवसात तुझ्या डोक्यावर ओतलं. तू मध्येच डोळे मिटलेस तेव्हाच मी थांबायला हवं होतं. कंटाळला असशील तर तसं सांग, मी मनाला लावून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला कळू देणार नाही.

चक्कर थांबली. तू येऊन गेल्याचा गुण.

ताई


२८ मार्च

ताई,

कंटाळलो नव्हतो. मनात आणू नकोस.

दोन गोष्टी कर आणि का ते विचारू नकोस. एक, माझ्याबद्दल कुणी विचारायला आलं, कुणी साहेब, कुणी वकील, तर मी या महिन्यात तुझ्याकडे आलो नव्हतो असं सांग. दुसरं, माझं नऊ तारखेचं पत्र फाडून टाक. कचऱ्यात नको, जाळ.

तब्येतीला जप.

छोट्या


२ एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चौथ्यांदा मला हसू आलं. चोराच्या मनात चांदणं! अरे लबाडा, कोण आहे ती?

बहिणीकडे जातो म्हणून कुणाला तरी सांगितलं नव्हतंस, आणि आता तिला की तिच्या भावाला संशय आला, असंच ना? म्हणून ताटावरून उठलास. आणि वकील कशाला? तिचा आधीचा संसार मोडायचाय का अजून? असू दे बाबा, मी कोण बोलणारी. मी तर म्हणते, एक्कावन्नाव्या वर्षी का होईना, कुणीतरी तुझ्यासाठी फोन करतंय. माणूस बरा असला की झालं. फोटो पाठव.

पण तू आला नव्हतास असं सांगायचं ते मला जमणार नाही, कारण मी आधीच गावभर सांगून बसलेय. पोस्टमनला सांगितलं, इस्त्रीवालीला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या आजींना जिन्यात गाठून सांगितलं. दुधाच्या दुकानात तर तुला बरोबर घेऊन गेले होते, आठवतंय ना? तुला लाज वाटत होती. माझ्या वर्षभरातली ती एकच बातमी होती रे, मी ती पोटात कशी ठेवू?

आणि पत्र मी जाळणार नाही. त्यात तू ‘तुझ्यासाठी म्हणून’ असं लिहिलं आहेस. असलं काही तू मला आजवर लिहिलेलं नाहीस.

ताई


११ एप्रिल

ताई,

बाई नाही गं कुणी. असती तर बरं झालं असतं.

सांगायचं नव्हतं, पण आता तू कुणाकुणाला काय काय सांगशील या धास्तीने सांगतो. बुधवारी दुपारी फोन आला तो इंजिनिअर साहेबांचा. सकाळी साडेनऊला चौथ्या मजल्याची परांची भिंतीपासून सुटली. तिच्यावर तिघं होते. दोघांनी खिडकीतून आत उडी मारली. तिसरा बाहेरच्या टोकाला होता, गिलाव्याचा जुना मिस्त्री. तो परांचीबरोबर खाली गेला. जिवंत आहे, पण कमरेखाली काही हलत नाही. डॉक्टर म्हणतात, हलणारही नाही.

परांची भिंतीला धरून ठेवणारे लोखंडी जोड असतात. मंगळवारी संध्याकाळी खिडक्या बसवणाऱ्यांनी चौकटी आत घेताना दोन जोड काढले आणि परत लावलेच नाहीत. मी असतो तर बुधवारी सकाळी मला ते दिसले असते, ताई. आंधळ्यालाही दिसले असते. पहिला हात मी तिथेच लावतो. पण मी तुझ्या घरी चहा पीत होतो, आणि शिपायाने ड्रॉवरमधून अठरा तारखेचं कार्ड काढून शिडीला लावलं.

त्या कार्डावर छापलेलं असतं, ‘मी स्वतः पाहून खात्री केली आहे.’ खाली माझी सही.

आता ऐक. कंपनीचे वकील मला रोज बोलावतात, चहा देतात, ‘आपले साहेब’ म्हणतात. त्यांचं म्हणणं असं. मी त्या दिवशी साइटवर होतो, सकाळी सात वाजता परांची बघितली, ती ठीक होती. जोड नंतर कुणीतरी काढले. आणि मिस्त्रीने कमरेचा पट्टा अडकवलेला नव्हता, म्हणून तो पडला. असं झालं तर दोष त्याचा. माझी नोकरी राहते, कंपनी सुटते, आणि त्याला मिळायचं ते भरपाईचं काहीच मिळत नाही. पट्टा त्याने अडकवला होता गं. पण ज्या पाइपाला अडकवला तो पाइपच खाली आला. तो पट्टा साइटवरून नाहीसा झालाय, स्टोअरवाला म्हणतो मिस्त्रीने तो नेलाच नव्हता. मजूर सांगतात की उतरसाहेब त्या दिवशी नव्हते, पण मजुरांच्या तोंडी शब्दापुढे कार्डावरची सही जड पडते.

मी खरं बोललो तर आगाऊ सह्या करणारा माणूस म्हणून तुरुंगात जाईन. सरकारी चौकशी बारा मेला आहे. मी तुझ्याकडे होतो याला पुरावा फक्त तू आणि ते पत्र. गाडीचं तिकीट मी गाडीतच चघळून थुंकलं, इतकी माझी पाचावर धारण बसली होती.

तुझी चक्कर बरी आहे ना? निदान तेवढं तरी बरं असू दे. एवढ्या सगळ्यात मी स्वतःला एकच गोष्ट सांगतो, की मी काही मजा मारायला गेलो नव्हतो. आजारी बहिणीकडे गेलो होतो.

छोट्या


१७ एप्रिल

छोट्या,

मी आजारी नव्हते.

चक्कर आली नाही, ओट्याला धरून बसले नाही, डॉक्टरकडे गेलेच नाही. वरची माणसं गेल्यावर घरात काही म्हणजे काही वाजेना. माझे कान असे, तरी पोरांच्या उड्या मला पायांतून कळायच्या. त्या थांबल्या तेव्हा आठ दिवस मी कुणाशीही बोलले नव्हते. मग मी विचार केला की ‘ये’ म्हटलं तर हा येणार नाही, आजारी आहे म्हटलं तर येईल. आणि तू आलास.

तुला वाईट वाटेल म्हणून हे लपवणार होते. पण तू त्या आजाराच्या आधारावर उभा आहेस असं दिसलं, आणि तो आधार मी ठेवू शकत नाही. कुजकी फळी आहे ती.



ताई


२६ एप्रिल

ताई,

तीन वेळा लिहून फाडलं. फाडलेल्यांतल्या पहिल्यात तुला जे लिहिलं होतं ते कुणी आपल्या आईला लिहू नये, आणि तू मला आईच्याच जागी आहेस. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तू वीस वर्षांची होतीस आणि तुझ्याशी बोलायलाही तेव्हा कुणी नव्हतं, हे मला आत्ता कळतंय. पण राग आहे. नाही असं सांगून उपयोग नाही. एका खोट्यावर मी दुसरं खोटं रचलं आणि खाली माणूस पडला.

काल मी दवाखान्यात गेलो. वकिलांनी बजावलं होतं, जाऊ नका. हाडांचा वॉर्ड, अकरा नंबरची खाट. मिस्त्री मला बघून उठायला गेला! सवयीने. मग आठवलं, तेव्हा हसला. त्याची बायको पायांशी बसून त्याचे पाय चोळत होती. त्याला कळत नाही, पण चोळते.

मला वाटलं होतं, तो शिव्या देईल. तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही खाली दिसला नाहीत, पण कार्ड होतं. तुमची सही बघितली आणि चढलो. दुसऱ्या साइटांवर मी कार्डाला विचारत नाही, स्वतः पाइप हलवून बघतो, मगच पाय ठेवतो. तुमच्याकडे लागल्यापासून ती सवय सोडली. म्हटलं, उतरसाहेबांनी बघितलंय ना, मग झालं.’

ताई, तेवीस वर्षं मी हे काम डोळ्यांत तेल घालून केलं. आणि मी इतका चोख होतो म्हणून त्या माणसाने स्वतः बघणं सोडलं होतं. मी ढिसाळ असतो तर तो आज चालत असता.

मी तिथून निघालो. जिन्यात बसलो. मग परत खोलीवर येऊन हे लिहितोय, आणि तुला लाज वाटेल असंच लिहिणार आहे. मला तुरुंगात जायचं नाही. मला भीती वाटते. मी खोलीवर येतो, दिवा लावतो, एकट्यासाठी भात टाकतो, तोही निम्मा उरतो. हे दिवस आणखी बारक्या खोलीत काढायचे, हे माझ्याने होणार नाही. वकील म्हणतात, फक्त ‘हो’ म्हणायचंय. ते विचारतील, ‘आपण पाहणी केलीत?’ मी म्हणायचं, ‘हो.’ मिस्त्रीसाठी कंपनी वरून काहीतरी करील असंही म्हणतात.

ते पत्र जाळ, ताई. तू खोटं बोलून मला बोलावलंस, आता खोटं बोलून मला सोडव. फिटंफाट.

छोट्या


३ मे

छोट्या,

फिटंफाट म्हणालास ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

तू नववीत असताना शाळेत दगड मारून काच फोडली होतीस. मास्तर घरी आले, मी म्हटलं, हा दिवसभर घरात तापाने पडून होता. मास्तरांनी दुसऱ्या पोराला धरलं, त्याला छड्या बसल्या. तू दोन दिवस जेवला नाहीस. मी तुला समजावलं की बाळा, आपल्याला कुणी नाही, आपण एकमेकांना सांभाळायचं. मला वाटायचं, ते मी प्रेमाने केलं. आता वाटतं, मी तुला एक वाईट खोड लावली, आणि मलाही तीच लागली.

पत्र मी जाळलं नाही. कुणाला देणारही नाही. ते सोबत परत पाठवतेय, तुझं आहे ते. त्याच्याबरोबर आणखी एक कागद आहे, माझ्या हातचा. ‘माझा भाऊ सतरा मार्चच्या सकाळपासून अठरा मार्चच्या संध्याकाळपर्यंत माझ्या घरी होता. मी आजारी असल्याचं खोटं कळवून त्याला बोलावलं होतं.’ खाली सही आहे. साक्षीदार म्हणून इस्त्रीवालीची आणि दुधाच्या दुकानदाराची सही घेतली. दोघांनी विचारलं, भावाला त्रास व्हायचा नाही ना? मी म्हटलं, होईल.

हे दोन्ही कागद तू फाडू शकतोस. मला कळणारही नाही, आणि मी विचारणार नाही. मला चौकशीला बोलावलं तर मात्र मी तू आला होतास असंच सांगेन. तुला आधी माहीत असावं म्हणून लिहिलं, मागून दगा दिला असं तुला वाटायला नको.

तू काहीही केलंस तरी तू माझा आहेस. हे मी लाच म्हणून लिहीत नाही. पण त्या माणसाचे पाय त्याची बायको चोळते, हे वाचल्यापासून मी जेवायला बसले की माझा घास फिरतो. तुलाही फिरत असणार. मी तुला वाढवलंय, मला माहीत आहे.

ताई


२० मे

ताई,

सांगितलं.

सांगायचं ठरवून गेलो होतो असं नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत मी ‘हो’ म्हणायचा सराव करत होतो. सरकारी निरीक्षक बाई आहेत, बारीक आवाजाच्या. टेबलावर अठरा तारखेचं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं. त्यांनी प्रश्न वेगळाच विचारला. ‘अठरा मार्चला सकाळी सात वाजता आपण कुठे होता?’ याला ‘हो’ म्हणता येईना. मी म्हटलं, ‘बहिणीच्या घरी. चहा पीत होतो.’ कंपनीच्या वकिलांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. मग खिशातून तुझा कागद आणि माझं पत्र काढून दिलं. निरीक्षक बाईंनी ते उलगडून वाचले.

त्यांनी लिहून घेतलं की मिस्त्रीचा दोष नाही. माणूस न नेमल्याबद्दल कंपनीवर खटला, आगाऊ सह्या केल्याबद्दल माझ्यावर. इंजिनिअर साहेबांनी कानावर हात ठेवले, ड्रॉवर आपला आहे पण त्यात काय असतं ते आपण बघत नाही म्हणाले. ते सुटतीलसं दिसतंय. मिस्त्रीला भरपाई मिळेल, आधी वाटलं होतं त्यापेक्षा बरी. चालता येणार नाही ते नाहीच.

मला त्याच दिवशी काढलं. परांची तपासायचा परवाना गेला. खटला संपेपर्यंत शहर सोडायचं नाही आणि दर सोमवारी पोलीस चौकीत जाऊन सही करायची. या सह्या मात्र आगाऊ घेत नाहीत. म्हणजे तुझ्याकडे येणं इतक्यात नाही. तू इकडे येऊ नकोस, ही खोली दोघांना पुरायची नाही आणि घरमालक कधी काढेल त्याचा नेम नाही. साइटवरून सामान आणायला गेलो होतो. एक गवंडी फळीवर उभा होता, पट्टा न अडकवता. तोंडाशी आलेलं ‘उतर’ गिळलं. मी कोण आता?

एक सांगायचं राहिलं. चौकशी संपल्यावर बाहेरच्या बाकावर मिस्त्रीची बायको बसली होती. आत मी काय बोललो ते तिच्या वकिलाने तिला तेवढ्यात सांगितलं असावं. मी समोरून जाताना ती उभी राहिली. मला वाटलं, आता थोबाडीत मारणार, आणि मी गाल पुढे करायला तयार होतो. तिने विचारलं, ‘तुमच्या ताई आजारी होत्या म्हणून गेला होता ना? आता बऱ्या आहेत ना त्या?’

टोमणा नव्हता गं. खरंच विचारत होती. तुझ्या कागदावरची दुसरी ओळ तिच्यापर्यंत पोचली नसावी. मी ‘हो’ म्हटलं. ‘आता बरी आहे.’ दिवसभरात तेवढं एकच खोटं बोललो. ते राहू दे.

राग बराच उतरलाय. सगळा नाही.

छोट्या


१ जून

अकरा नंबरच्या खाटेपाशी बसणाऱ्या बाईंना,

तुम्ही मला ओळखत नाही. ज्याच्या सहीचं कार्ड बघून तुमचे यजमान परांचीवर चढले, त्याची मी थोरली बहीण. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. तुम्हाला वाचायला जमत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, पण यजमानांच्या समोर वाचून घ्या, म्हणजे त्यांनाही कळेल.

चौकशीच्या दिवशी तुम्ही माझ्या भावाला विचारलंत, ताई आता बऱ्या आहेत ना? तो हो म्हणाला. तो मला सांभाळून घेतोय. खरं असं आहे की मी आजारी नव्हते. मला काहीही झालेलं नव्हतं. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, एवढंच. मी बासष्ट वर्षांची धडधाकट बाई आहे, दोन जिने चढते, स्वतःचं पाणी स्वतः भरते. त्याने यावं म्हणून मी खोटं लिहिलं आणि तो आला.

यामुळे त्याची चूक कमी होत नाही. सही त्यानेच केली, त्याबद्दल जे व्हायचं ते त्याचं होईल. पण आजारी बहिणीसाठी तो गेला आणि आपला माणूस पडला, असं तुम्ही मनाशी धरून बसला असाल, आणि त्यातून तुम्हाला थोडं तरी सोसवत असेल, तर ते सोसवणंही खोट्यावर उभं आहे. हे तुमच्यापासून लपवणं मला जमेना. कदाचित सांगून मी तुमचं आणखी वाईट करतेय. ते मला ठरवता आलं नाही.

माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, निदान ‘असू दे’ तरी म्हणावं लागतं. तुमच्याकडून आणखी काही घ्यायचं नाही.

तुम्ही माझी चौकशी केलीत. आमच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही वर्षभरात कधी केली नव्हती. ते वाचून मी खुर्चीत बसून राहिले, दूध उतू गेलं तरी उठले नाही.

या पत्राला उत्तर पाठवू नका. पोस्टमन पत्र घेऊन आला की मला फार बरं वाटतं, आणि तुमच्यामुळे मला बरं वाटावं असं मी काही केलेलं नाही.